जुनी गाडी आणि आजची छोटी गाडी: तुलना नेमकी कशाच्या आधारे करावी?

उघडे_बॉनेट (धागाकर्ता)

गेली सहा वर्षे मी दोन गाड्या आलटून पालटून वापरतो आहे. एक आहे १९६० च्या दशकातली, लहान चणीची, चार दारांची. दुसरी आजची कॉम्पॅक्ट हॅचबॅक, तीन सिलिंडरांची आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) असलेली. कंपन्यांची नावे मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे दोघींच्याही तक्रारी येणार आहेत आणि मला कोणा एका कंपनीचा पंचनामा करायचा नाही. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या पाहिल्या की प्रत्येक जण "यातली चांगली कोणती?" असे विचारतो, आणि सहा वर्षांनंतरही मला त्याचे एका वाक्यात उत्तर देता येत नाही. म्हणून हा धागा.

आधी शब्दांचा घोळ निस्तरतो. बोलताना आपण कोणत्याही जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणतो. काटेकोर अर्थाने ते विशेषण साधारण १९१९ ते १९३० या काळात बनलेल्या गाड्यांचे आहे. ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटना 'फिवा' ऐतिहासिक म्हणवण्यासाठी किमान ३० वर्षे वयाची अट घालते. त्या हिशेबाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या गाड्याही आता त्यात बसतात, हे वाचून काही सभासदांना स्वतःचे वय आठवेल. माझी गाडी या अर्थाने 'क्लासिक' आहे, व्हिंटेज नव्हे.

आकारापासून सुरुवात करू. १९५६ च्या सुएझ पेचप्रसंगामुळे ब्रिटनमध्ये पेट्रोलची टंचाई झाली आणि त्यातून अलेक इसिगोनिस यांनी जी छोटी गाडी आखली, ती ऑगस्ट १९५९ मध्ये 'मिनी' या रूपात बाजारात आली. लांबी अवघी ३.०५ मीटर, चाके १० इंची, इंजिन ८४८ सीसीचे. इंजिन आडवे बसवून गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली घातला होता आणि दोघांना तेल एकच होते. त्यामुळे वाचलेली सगळी जागा माणसांना मिळाली. २००१ मध्ये बीएमडब्ल्यूने त्याच नावाची नवी गाडी आणली तेव्हा लांबी ३.६३ मीटर झाली होती. आज फोक्सवॅगन पोलोसारखी गाडी 'छोटी' म्हणून विकली जाते, ती ४ मीटरच्या किंचित पुढे जाते. जुन्या मिनीचे वजन सुमारे ६०० किलो होते. आजच्या छोट्या गाडीचे त्याच्या पावणेदोन ते दुप्पट भरते. एवढे करूनही मागच्या बाकावर बसणाऱ्याच्या गुडघ्यांना मिळणारी जागा काही दुप्पट झालेली नाही. मग हा मीटरभर पत्रा आणि अर्धा टन वजन गेले कुठे, हा माझा पहिला प्रश्न आहे.

आता दोन्ही गाड्या सुरू करण्याची पद्धत सांगतो, कारण खरा फरक मला तिथे जाणवतो. जुनी गाडी आठवडाभर उभी राहिली की कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) वाटीतले पेट्रोल उडून गेलेले असते. म्हणून आधी बॉनेट उघडून पेट्रोल पंपाची छोटी दांडी हाताने दहा-बारा वेळा दाबायची. वाटी भरली की दांडी एकदम हलकी लागते आणि ते बोटालाच कळते. मग चोक, म्हणजे थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळवून देणारा खटका, पूर्ण ओढायचा आणि किल्ली फिरवायची. इंजिनाने पकडले की चोक अर्धा आत ढकलायचा, नाहीतर प्लग काळे पडतात. पहिला मिनिटभर नुसता आवाज ऐकायचा. नव्या गाडीत ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबले की झाले; हवा किती थंड आहे आणि पेट्रोल किती सोडायचे, हे ठरवणारा संगणक माझे मत विचारत नाही.

एकदा संध्याकाळी भर पावसात जुनी गाडी मिसिंग करू लागली आणि चढावर बंद पडली. डिस्ट्रिब्युटरचे (प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाचे) झाकण काढले, आतला ओलावा रुमालाने पुसला, तर पॉइंटच्या (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांच्या) एका टोकावर खड्डा आणि दुसऱ्यावर बारीक उंचवटा आलेला दिसला. पॉलिश पेपरच्या तुकड्याने दोन्ही टोके घासली, इंजिन हाताने फिरवून पॉइंट पूर्ण उघडेल अशा जागी आणले, फीलर गेजच्या (फट मोजायच्या पातळ पात्यांच्या संचाच्या) ०.४ मिलिमीटरच्या पात्याने अंतर बसवले आणि स्क्रू आवळला. विजेरी दातांत धरली होती, त्यामुळे शिव्या घालता आल्या नाहीत, एवढीच काय ती गैरसोय. वीस मिनिटांत मी पुन्हा रस्त्यावर होतो.

त्याच वर्षी नव्या गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडीने ओढणेच सोडले. सर्व्हिस सेंटरमध्ये यंत्र लावून संकेतांक वाचला गेला, इनटेकचा प्रेशर सेन्सर बदलला गेला, आणि दोन दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागला. शेवटी दोष निघाला टर्बोच्या रबरी होजच्या सैल क्लिपमध्ये. क्लिप आवळायला मीही समर्थ होतो, पण ती जिथे होती तिथे माझा हात पोचत नव्हता आणि ती सैल आहे हे मला सांगणारेही कोणी नव्हते.

माझे म्हणणे एवढेच आहे की जुनी गाडी रोज थोडे मागते आणि ते मी स्वतः देऊ शकतो. नवी गाडी वर्षानुवर्षे काही मागत नाही, आणि मागते तेव्हा माझ्याकडे नसलेलेच मागते. वेग, मायलेज आणि किंमत यांचे तक्ते सगळीकडे मिळतात. सभासदांनी या दुसऱ्या बाजूने लिहावे, अशी विनंती.

पट्टा_लावा

धागा उत्तम आहे, पण तुमच्या अर्ध्या टनाच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही वगळलेल्या विषयात आहे, ते म्हणजे अपघात. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २००९ मध्ये आपल्या पन्नासाव्या वर्षानिमित्त १९५९ ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्या एकमेकींवर समोरून, अर्ध्या रुंदीने आदळवल्या होत्या. दोन्हींचा वेग ताशी सुमारे ६४ किलोमीटर होता. मालिबू काही छोटी गाडी नव्हे, पण मुद्दा तोच आहे. जुन्या गाडीचा चालकाभोवतीचा पिंजराच कोसळला, स्टीअरिंग चालकाच्या जागी ठेवलेल्या बाहुल्याच्या अंगावर आले, आणि प्रत्यक्षात तिथे माणूस असता तर तो वाचणे कठीण होते. नव्या गाडीचे नाक चुरगळले, पण दारे आणि खांब आपापल्या जागी राहिले, आणि चालकाला पायाच्या दुखापतीवर निभावता आले असते.

लोकांना वाटते की जुना पत्रा जाड, म्हणून गाडी भक्कम. कठीण गाडी आघात शोषून घेत नाही, तो आत बसलेल्या माणसाकडे पाठवते. पुढचा-मागचा भाग चुरगळू द्यायचा आणि मधली खोली कणखर ठेवायची, ही कल्पना बेला बारेनी यांनी मर्सिडीजमध्ये १९५० च्या दशकात विकसित केली. १९५९ मध्ये व्होल्व्होच्या निल्स बोहलिन यांचा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आला. चाके न जखडू देणारे इलेक्ट्रॉनिक एबीएस १९७८ मध्ये, आणि गाडी घसरू लागली की एकेक चाक वेगळे ब्रेक करून तिला सावरणारी यंत्रणा १९९५ मध्ये आली. यातल्या बहुतेक गोष्टी आधी महागड्या गाड्यांत बसल्या आणि आज त्या छोट्या गाड्यांतही आहेत. तुमचा मीटरभर पत्रा बंपर आणि तुमचे गुडघे यांच्यामध्ये गेलेला आहे. जुन्या मिनीत त्या जागी इंजिन, रेडिएटर आणि थोडी आशा एवढेच होते.

शंकासुर

त्या चाचणीविषयी एक रास्त आक्षेप नोंदवतो. त्या काळच्या बेल एअरची चॅसिस (गाडीखालचा सांगाडा) एक्स आकाराची होती, म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंना सलग लांब तुळ्या नव्हत्या. अर्ध्या रुंदीची धडक नेमकी तिच्या दुबळ्या जागी बसली. दुसऱ्या रचनेची गाडी घेतली असती तर दृश्य थोडे वेगळे दिसले असते. निष्कर्ष बदलला असता असे मात्र मी म्हणत नाही.

उघडे_बॉनेट

पट्टा_लावा, मान्य. हा मुद्दा मी टाळला होता हे कबूल करतो, कारण त्यावर वाद घालायला माझ्याकडे काही नाही. माझ्या जुन्या गाडीत पुढच्या दोन जागांना पट्टे आहेत आणि तेही नंतर बसवलेले. मागे पट्टे अडकवण्यासाठी बॉडीत मजबूत बिंदूच नाहीत. त्यामुळे लहान मुलांना मी त्या गाडीत नेत नाही. महामार्गावरही ती नेत नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पहिल्या वेळी ते बऱ्यापैकी लागतात, पण लांब उतारावर तापले की पेडल पूर्वीइतकेच दाबूनही गाडी थांबायला नकार देते. मागून नव्या गाडीत येणारा माणूस हे जाणत नाही आणि तो नव्या गाडीच्या हिशेबाने अंतर ठेवतो.

धुराडे

कोणीतरी धुराबद्दलही बोलायला हवे. तीन प्रकारचे प्रदूषक एकाच वेळी निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करतो तो हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण १ किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा असे राखले तरच. ऑक्सिजन सेन्सर दर क्षणी धूर तपासतो आणि संगणक इंजेक्टरची वेळ बदलत राहतो, म्हणून ते प्रमाण सांभाळले जाते. कार्ब्युरेटरला हे जमत नाही. तो हवेचा दाब आणि दोन-चार पितळी भोके यांच्या भरवशावर चालतो आणि चोक ओढलेला असताना तर निम्मे पेट्रोल न जळताच बाहेर टाकतो की काय, असा वास येतो. धागाकर्त्यांनी वाटीतले पेट्रोल 'उडून जाते' असे सहज लिहिले आहे. ते उडते म्हणजे हवेत जाते. बंद करून उभी केलेली जुनी गाडीसुद्धा प्रदूषण करत असते. नव्या गाडीत टाकीची वाफ कोळशाच्या डब्यात साठवून नंतर इंजिनातच जाळली जाते.

दुसरी गोष्ट शिशाची. जुनी इंजिने शिसेयुक्त पेट्रोलवर चालत आणि त्या शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवत असे. शिशाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो आणि माणसांच्या मेंदूला अपाय होतो, म्हणून एकेका देशाने ते बंद केले. शेवटचा अल्जीरिया, २०२१ मध्ये. आता जुन्या इंजिनाचे हेड उतरवून कठीण धातूच्या बैठकी ठोकून घ्याव्या लागतात. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या रबरी नळ्या फुगवते आणि ठिसूळ करते, तेव्हा त्याही बदलल्या आहेत का, ते पाहा. गळकी नळी आणि तापलेला एक्झॉस्ट यांची गाठ पडली तर तुलना करायला एकच गाडी उरेल.

अर्थात वर्षाला हजारभर किलोमीटर चालणाऱ्या, आधीच बनलेल्या गाडीने पर्यावरणाचे जे नुकसान होते, त्यापेक्षा नवी गाडी बनवताना लागणारे पोलाद, अॅल्युमिनियम आणि वीज यांचा बोजा मोठा असू शकतो. पण हा युक्तिवाद जुनी गाडी क्वचित चालवणाऱ्याचा आहे, रोज चालवणाऱ्याचा नाही.

तेलकट_हात

मी तीस वर्षे हेच काम करतो आहे, दोन्ही पिढ्यांच्या गाड्यांवर. धागाकर्त्यांच्या सेन्सरच्या गोष्टीत दोष गाडीचा नव्हता, वाचणाऱ्याचा होता. संकेतांक सांगतो की अमुक ठिकाणचा दाब अपेक्षेप्रमाणे नाही. तो सेन्सर खराब आहे असे सांगत नाही. तापमापीवर ताप दिसला म्हणून कोणी तापमापी बदलत नाही. होजला साबणाचे पाणी लावून किंवा धूर सोडून गळती शोधायला पंधरा मिनिटे लागतात. तेवढा धीर नसला की भाग बदलले जातात आणि बिल ग्राहक भरतो. नीट वापरले तर ते यंत्र माझा सर्वांत चांगला मदतनीस आहे. जुन्या गाडीत अधूनमधून येणारा विजेचा दोष शोधण्यात मी अख्खे दिवस घालवलेले आहेत; त्यात कसला रम्यपणा नव्हता.

माझी खरी तक्रार निराळी आहे. पूर्वी हेडलाइटचा बल्ब जात असे, आता कित्येक गाड्यांत अख्खा दिवा बदलावा लागतो. पुढची काच फुटली तर काचेमागच्या कॅमेऱ्याची दिशा पुन्हा जुळवून घ्यावी लागते, त्याशिवाय आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा भलतीकडे पाहत बसते. काही इंजिनांत टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवणारा पट्टा) तेलात बुडालेला असतो. चुकीचे तेल घातले तर त्याचे रबर सुटते, तेलाच्या गाळणीत जाऊन बसते आणि इंजिन तेलाविना राहते. ग्राहकाला यातले काहीही बाहेरून दिसत नाही.

आणि जुन्या गाडीचे कौतुक करणाऱ्यांनी दर काही हजार किलोमीटरला गाडीखाली झोपून ग्रीस गन चालवून पाहावी. नव्या गाडीच्या सांध्यांना ग्रीस निपलच नसते. ते कारखान्यातून बंद होऊन येतात आणि पुष्कळ वर्षे टिकतात. शिवाय जुन्या गाड्यांचे नवे बनवलेले सुटे भाग, विशेषतः रबरी वस्तू आणि डिस्ट्रिब्युटरचे रोटर, मूळ भागांच्या निम्मेही टिकत नाहीत असा माझा अनुभव आहे. साठ वर्षे जुना भाग काढून नवा बसवावा आणि तीन महिन्यांत पुन्हा जुनाच शोधावा, हे मी अनेकदा केले आहे.

पाच_आकडी

"तेव्हाच्या गाड्या टिकत, म्हणून तर आजही चालतात" असे इथे अजून कोणी लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटले. ते लिहिले जाण्यापूर्वीच उत्तर देतो. आज दिसतात त्या जगलेल्या गाड्या आहेत. गंजून भंगारात गेलेल्या त्यांच्या भावंडांचे कोणी छायाचित्र काढत नाही. जुन्या गाडीचा ओडोमीटर पाहा. पुष्कळ गाड्यांत त्यावर पाचच आकडे असत, म्हणजे ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. एक लाखाच्या पुढे जाणे ही बनवणाऱ्याच्या दृष्टीने काही रोजची गोष्ट नव्हती. आज एक लाख किलोमीटर चाललेले इंजिन उघडायचे कोणाच्या मनातही येत नाही.

मात्र साठ वर्षांनंतर आजची गाडी चालेल का, हा प्रश्न मी मोकळा ठेवतो. पत्रा टिकेल, इंजिनही टिकेल. टचस्क्रीनचे आणि संगणकाचे काय? घासलेली बुशिंग लेथवर करून घेता येते. बंद पडलेली चिप आणि तिच्यातली आज्ञावली कोण करून देणार?

मागचा_बाक

मी दोन्हींपैकी काहीच चालवत नाही, मी शेजारी बसते. जुन्या गाडीचे काचेजवळचे खांब मनगटाइतके बारीक असतात आणि चौकात बाहेरचे सगळे दिसते. नव्या गाडीत तोच खांब, गाडी उलटल्यावर छप्पर पेलण्यासाठी आणि एअरबॅग सामावण्यासाठी इतका जाड झाला आहे की रस्ता ओलांडणारा माणूस त्यामागे पूर्ण लपतो. चालकाने डोके पुढे-मागे हलवून पाहावे असे मला वाटते. उलट जुन्या गाडीत तासाभराने पेट्रोलचा वास केसांत बसतो आणि बोलण्यासाठी ओरडावे लागते. काच पुसणारा वायपर गडगडत असताना बाहेर काही दिसत नसते, ही तर वेगळीच कथा.

धागाकर्त्यांना एक प्रश्न आहे. पॉइंट इतका त्रास देतात तर त्या जागी बसणारा इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा संच मिळतो ना? तो का लावत नाही? गाडी जुनीच राहील आणि पावसात विजेरी तोंडात धरावी लागणार नाही.

उघडे_बॉनेट

तेलकट_हात, तापमापीचे उदाहरण मी जपून ठेवतो आहे. पाच_आकडी, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

मागचा_बाक, तो संच मी त्या पावसानंतर महिन्याभरातच बसवला. डिस्ट्रिब्युटरच्या आत मावतो, बाहेरून काही दिसत नाही. पॉइंट गेले, त्यांचे घासणे गेले, सुरू होण्याची कटकट निम्मी झाली. त्याबरोबर एक विजेवर चालणारा पेट्रोल पंपही लावला, त्यामुळे दांडी दाबायचे कामही संपले. पहिल्या लेखातली पद्धत त्याआधीची आहे, हे तिथेच लिहायला हवे होते. त्यानंतर सात-आठ महिने मी बॉनेट फक्त तेल बदलण्यापुरते उघडले असेन. गाडी इतकी गुणी कधीच वागली नव्हती.

मग एका सकाळी दाराबाहेर काढताना ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा दोन बोटे खाली गेले. मास्टर सिलिंडरच्या (ब्रेकच्या तेलाला दाब देणाऱ्या भागाच्या) वाटीचे झाकण काढले तर ब्रेकचे तेल तळाला टेकलेले; मागच्या डाव्या चाकाचा सिलिंडर कित्येक आठवडे पाझरत होता आणि ड्रमच्या आतल्या बाजूने ओघळ सुकून काळे झाले होते. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांप्रमाणे हिलाही ब्रेकची एकच वाहिनी आहे, म्हणजे तेल एका चाकाकडून गेले तर चारही चाकांचे ब्रेक जातात. नव्या गाडीत दोन स्वतंत्र वाहिन्या असतात आणि तेल कमी झाले की दिवा लागतो. जुन्या गाडीत तो दिवा म्हणजे मी होतो. दर दोन दिवसांनी पॉइंट आणि पंप यांच्या निमित्ताने बॉनेट उघडत होतो, तेव्हा शेजारच्या वाटीकडेही नजर जात होती.

इलेक्ट्रॉनिक संच काढलेला नाही, तो उत्तम चालतो आहे. चाकांचे चारही सिलिंडर आणि रबरी नळ्या नव्या टाकल्या. जुने पॉइंट, फीलर गेज आणि पॉलिश पेपरचा तो तुकडा डिकीत एका डबीत आहे, आणि दर रविवारी काही काम नसताना बॉनेट उघडतो.